आबांच्या हवाली समुद्र

बावडा,
१० फेब्रुवारी २०२५

ती. आबा,

नमस्कार. तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. लग्न होऊन तुमच्या घरात आले त्याला सहा वर्षं झाली, पण 'चहा ठेवू का' आणि 'ऋषिराजचा डबा भरला का' याच्या पुढं आपण कधी बोललोच नाही. साखर कारखान्यातल्या मिलच्या घरघरीनं तुमचे कान नेले, ऐकायची मशीन तुम्ही कपाटात ठेवलीय आणि माझा आवाज बारीक. फोनवर तुम्ही नुसतं 'व्हय, व्हय' म्हणता आणि नंतर तुमच्या लेकाला, ऋषिराजला विचारता, "काय म्हनली रं ती?" म्हणून कागदावर लिहिते. माझा भाऊ विशाल भेंडी घेऊन बारामतीच्या मार्केटला येतो, त्याच्या हातून पत्र पोचेल. उत्तरही त्याच्याकडंच द्या.

डॉक्टरांनी बाळंतपण होईपर्यंत पडून राहायला सांगितलंय. ब्लडप्रेशर चढतंय. इथं माहेरी आई पाण्याचा तांब्यासुद्धा मला उचलू देत नाही. पडल्या पडल्या डोळ्यांपुढं एकच येतं, माझी समुद्री माशांची टाकी.

बारामतीत समुद्र कशाला, असं सगळ्यांनी विचारून झालं. तुम्ही कधी विचारलं नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. गेल्या खेपेला सातव्या महिन्यात जे झालं, त्यानंतर रिकाम्या हातांनी घरी आले. काहीतरी जगवून दाखवायचंच, असा हट्टच धरला. पहिली टाकी पूर्ण मेली. दुसरी उभी केली. तिच्यातली जोडी आजवर टिकलीय. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली ती दोघं. मोठी ती कारभारीण, लहान तो कारभारी. या जातीत बाईच मोठी असते आणि घर तीच चालवते. मी परत येईपर्यंत ही दोघं तुमच्या हवाली.

करायचं फार थोडं आहे. पुण्याहून आणलेलं समुद्री मीठ डब्यात आहे, ते फिल्टरच्या पाण्यात कालवायचं. आठवड्याला टाकीतलं एक बादली पाणी काढून एक बादली कालवलेलं खारं पाणी घालायचं. रोजचं काम वेगळं. पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून काचेवर मारलेल्या रेघेपर्यंत रोज फिल्टरचं गोडं पाणी घालायचं, खारं नाही. नळाचं तर अजिबात नको, त्यात औषध असतं. दाणे चिमूटभर. लाईट गेली की बॅटरीचा पंप लावायचा.

ऋषिराजवर सोपवलं असतं, पण त्याला मासा म्हणजे ताटातलाच माहीत.

तुमची,
स्वरूपा


बारामती,
१७ फेब्रुवारी

चि. सौ. स्वरूपास आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तुझं अक्षर चांगलं आहे, ऋषिराजला दाखवून त्याला लाज आणली.

सूनबाई, गळ्यात तुळशीची माळ आणि हाती माशांची चाकरी, असा माणूस अख्ख्या तालुक्यात मी एकटाच असेन. शेजारचा दादासो रोज येऊन बसतो. परवा काचेला नाक लावून म्हणाला, "आबा, तुज्या घरात आता दोन टीव्ही झालं. हितं मातर जाहिराती न्हाईत." तो इतका मोठ्यानं बोलतो की मलाही ऐकू येतं.

तुझी कारभारीण कडक आहे. काच पुसायला हात घातला तर बोटाला चावली. लहानगा बिचारा तिच्या मागं मागं. मी खुर्ची तिथंच ओढून घेतली आहे. दाणे घालतो, रेघेपर्यंत गोडं पाणी घालतो. फ्रीजमधली ती माशांची कोळंबीची वडी मात्र मला घालायला सांगू नकोस. कोरड्या दाण्यांवर भागेल त्यांचं. तुझी सासू गेल्यापासून सकाळी उठून कुणाचं काही करायचं राहिलं नव्हतं. आता उठल्याबरोबर काम असतं. बरं वाटतं.

तू अंथरुणातून उठू नकोस. इथली काळजी माझ्यावर सोड. मी एकदा घेतलं की सोडत नाही.

दत्तोबा


बावडा,
२३ फेब्रुवारी

ती. आबा,

कारभारीण चावली हे वाचून इतकी हसले की आई धावत आली. बाळानंही लाथ मारली. ते आता चांगलं हलतं.

एक काम राहिलं. मिठाच्या डब्याशेजारी छोट्या दुर्बिणीसारखी नळी आहे. तिच्या काचेवर टाकीतल्या पाण्याचा थेंब टाकून उजेडाकडं बघायचं, आत निळी रेघ दिसते. ती पस्तिसाजवळ असली की पाणी समुद्राइतकं खारं. आठवड्याला एकदा बघत जा.

आणि एक सांगते, हे मी पहिली टाकी मारून शिकले. टाकी बिघडते लवकर आणि सुधारते हळू. तिथलं सगळ्यात अवघड काम म्हणजे काही न करता बसणं. हात शिवशिवतात. आवरायचे.

कोळंबी राहू दे. तुमच्या माळेपेक्षा माझी कोळंबी मोठी नाही.

स्वरूपा


बारामती,
४ मार्च

चि. सौ. स्वरूपास आशीर्वाद.

दोघं खुशाल. पण एक गोष्ट मला आवडली नाही. टाकीच्या काठाला आणि झाकणाला पांढरं फुटलं आहे. आधी थोडं होतं, आता बोट फिरवलं तर पिठासारखं हाताला येतं.

हे पांढरं मी ओळखतो. निरवांगीला आपलं ओढ्याकाठचं रान आहे, तुला दाखवलं नसेल कुणी. उसाला पाणी देऊन देऊन ते चोपण, खारवट झालं. वर असंच पांढरं फुटायचं. पेरलेलं उगवायचं नाही, उगवलं तर जळायचं. भावकी म्हणाली, "इकून टाक, आता त्यात कुसळबी येनार न्हाय." मी विकलं नाही. चर खणले, जिप्समची पूड टाकली, कालव्याचं गोडं पाणी सोडून मीठ धुऊन काढलं, खताला ताग पेरून गाडला. वर्षं गेली, पण त्याच रानात मी पुन्हा ऊस उभा केला. कारखान्यात चाळीस माणसं हाताखाली होती, त्याचं मला काही नाही. ते रान सुधारलं त्याचा मात्र आजही ताठा आहे.

तेव्हा तू काळजी करू नकोस. रोग माझ्या ओळखीचा आहे आणि ही तर तीन फुटांची पेटी. मी बंदोबस्त करतो.

दत्तोबा


बावडा,
९ मार्च

ती. आबा,

रानाची गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "तुजा सासरा चिवट हाय, पोर त्याच्यावर जाऊ दे."

पांढरं बघून घाबरू नका. पाण्याचे बारीक शिंतोडे काठावर उडतात, पाणी वाळतं आणि मीठ राहतं, एवढंच ते. ओल्या फडक्यानं पुसलं की गेलं. तुमचा बंदोबस्त म्हणजे तेच असणार. हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

नळीत रेघ कुठं दिसते ते कळवा. होळीमुळं विशालची फेरी आठवडाभर चुकेल, पत्र उशिरा पोचलं तर रागावू नका.

स्वरूपा


बारामती,
१९ मार्च

चि. सौ. स्वरूपास आशीर्वाद.

पत्र धुळवडीनंतर मिळालं. फडक्यानं पुसलं. सगळं ठीक आहे. कारभारीण हल्ली टाकीतल्या त्या माठाच्या खापराच्या आतच असते, बाहेर दिसत नाही. कारभारी खापराच्या तोंडाशी असतो. दाणे थोडेच घालतो.

ऊन वाढलं आहे. तू जप. जास्त लिहीत नाही, डोळे दुखतात.

दत्तोबा


बावडा,
२२ मार्च

आबा! आबा!

तुम्हाला कळलंय का तुम्ही काय लिहिलंय? मोठी खापराच्या आत, लहान तोंडाशी राखणीला. आबा, ती अंडी घालणार आहे, नाहीतर घातलीसुद्धा असतील! दोन वर्षं मी याचीच वाट बघत होते. या जातीत अंड्यांजवळ बाप बसतो, पंखांनी वारा घालतो, कुणाला फिरकू देत नाही. तुम्ही खापराच्या आत डोकावून बघा, नारिंगी ठिपक्यांचा पट्टा दिसेल.

ऋषिराजकडं फोटो मागितला तर म्हणतो, काचेवर चकाकी येते. त्याला काही जमत नाही. तुम्हीच लिहा मला, बारीकसारीक सगळं.

मला दिवसभर भीती वाटत असते. बोलून दाखवत नाही कुणाला. सातवा लागलाय ना. पण तुमचं पत्र वाचलं आणि वाटलं, या खेपेला सगळं नीट होणार. तिचं झालं, आता माझंही होणार. आईला म्हटलं, हा चांगला शकुन आहे.

तुमची,
स्वरूपा


बारामती,
२५ मार्च

चि. सौ. स्वरूपास,

आशीर्वाद कोणत्या तोंडानं लिहू?

तुझं पत्र मी मार्केटमध्येच, भेंडीच्या क्रेटवर बसून वाचलं. विशाल विचारत होता, "आबा, काय झालं?" मी पत्र खिशात घातलं आणि घरी आलो.

पोरी, अंडी नाहीत. कारभारीण नाही. धुळवडीनंतर तिसऱ्या दिवशी ती गेली. मी तुला खोटं लिहिलं.

कसं झालं ते सगळं लिहितो. पांढरं फुटलेलं बघून मी निरवांगीला गेलो. गोठ्यात जिप्समची अर्धी गोणी होती, ती आणली. कालव्याला पाणी सुटलं होतं, ते कॅनमध्ये भरून आणलं. तूच लिहिलं होतंस की रोज गोडं पाणी घाल. मला वाटलं, पोरगी भीत भीत थोडं थोडं घालते, म्हणून मीठ साचलं. टाकीतलं निम्मं पाणी उपसलं, गोडं भरलं, वरून जिप्सम टाकलं. पाणी ताकासारखं झालं. म्हटलं, बसेल गाळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. रानात असंच करतात.

आधी शंखाच्या गोगलगायी काचेवरून सुटून खाली पडल्या. मग कारभारीण वर येऊन तोंड उघडझाप करायला लागली. तेवढ्यात तुझं ते फडक्याचं पत्र आलं आणि मला कळलं मी काय केलं ते. तेव्हा तिच्यात काही उरलं नव्हतं. कढीपत्त्याच्या बुडाशी पुरली.

लहानगा आहे. खरंच आहे, हे खोटं नाही. खापरात तोच बसतो, दाण्याकडं बघत नाही.

ऋषिराजला गप्प राहायला मीच सांगितलं. पोटुशी बाईच्या कानावर वाईट घालू नये, ही आपली रीत. त्या रीतीच्या आड मी लपलो. सरळ सांगतो, तुझ्या पोटातल्यासाठी निम्मं लपवलं आणि निम्मं माझ्या ताठ्यासाठी. रान सुधारणाऱ्या दत्तोबानं सुनेचा मासा मारला, हे लिहायला हात होईना.

तुला जे बोलायचं ते बोल.

दत्तोबा


बावडा,
२७ मार्च

आबा,

काल दिवसभर रडले. आईनं तुमचं पत्र काढून घेतलं होतं, ते मी मागून परत घेतलं.

मासा गेला म्हणून मी तुमच्यावर रागावलेली नाही. पहिल्या टाकीतले सगळे मी मारले होते. मी रागावलेय ते दुसऱ्या गोष्टीसाठी, आणि ते एकदाच सांगते.

गेल्या खेपेला दवाखान्यात सगळे म्हणत होते, "बाळ ठीक हाय, तू झोप." ऋषिराज म्हणत होता, आई म्हणत होती, नर्स म्हणत होती. माझं पोट सकाळपासून गप्प होतं. मला माहीत होतं, आबा. ते मी कुणाला बोलू शकले नाही, कारण सगळे हसून माझ्याकडं बघत होते. त्या खोट्यानं माझं काही वाचलं नाही. मी एकटी पडले, एवढंच झालं. तुम्ही पण माझ्याशी तसंच केलंत. मी इथं शकुन मोजत बसले आणि तुम्ही तिथं खोटं लिहीत बसलात.

आता आपलं ठरलं. जे असेल ते लिहायचं, दोघांनीही. नाहीतर पत्र लिहायचंच नाही.

रडून झालं. आता ऐका. लहानगा जगतोय तोवर हातपाय गाळायचे नाहीत.

कपाटात तपासणीच्या बाटल्या आहेत. टाकीतलं थोडं पाणी काढून त्यात त्यांचे थेंब टाकायचे, रंग पिवळा आला तर बरं, हिरवा आला तर पाण्यात विष आहे. दगडांमधले बारीक जीव मेले की ते कुजून हे विष होतं, कारभारीण त्यानंच गेली असणार. रोज थोडं पाणी काढायचं आणि त्याच्याऐवजी कालवलेलं नवं घालायचं, पंप लावून. तळाचा जिप्समचा गाळ रबरी नळीनं ओढून घ्यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खारेपणा एकदम वर न्यायचा नाही. नवं पाणी टाकीपेक्षा किंचितच खारट ठेवायचं. रेघ रोज थोडीशीच चढू द्यायची. एका दिवसात पस्तिसावर नेलीत तर हाही जाईल.

चूक माझीही आहे. पांढऱ्या थराचं मी आधी लिहिलं नाही. चोपण रान सुधारलेल्या माणसाच्या हाती टाकी देते आहे, हे मला कळायला हवं होतं.

स्वरूपा


बारामती,
७ एप्रिल

चि. सौ. स्वरूपास आशीर्वाद.

जसं आहे तसं लिहितो.

तुझं पत्र टाकीच्या वर भिंतीला चिकटवलं आहे. पहिले दिवस बाटलीत हिरवा रंग यायचा. रोज पाणी काढलं, कालवलेलं घातलं. रेघ विसाच्याही खाली गेली होती. हात शिवशिवायचे, एकदाच काय ते मीठ टाकून मोकळं व्हावं असं वाटायचं. तुझं पत्र वाचायचो आणि खुर्चीवर जाऊन बसायचो. आता रेघ तिसाच्या आसपास आहे आणि रंग पिवळा येतो. थोडी हिरवट झाक अजून आहे, ती नाही असं म्हणणार नाही.

दुपारची लाईट जाते. बॅटरीचा पंप लावतो. पाणी तापू नये म्हणून फ्रीजमध्ये गोठवलेल्या बाटल्या त्यात तरंगत ठेवतो. ऋषिराज म्हणतो, "आबा, आमाला प्यायला गार पानी न्हाय आन् माशाला बर्फ?" त्याला म्हटलं, तू माठातलं पी.

लहानगा दाणा घेत नव्हता. पाडव्याला मी देवापुढं बसलो आणि सांगितलं, पांडुरंगा, हे मी माझ्या जिभेसाठी करत नाही. मग ती कोळंबीची वडी काढली, चिमट्यानं तुकडा धरला आणि खापराच्या तोंडाशी नेला. बराच वेळ हात पाण्यात धरून होतो. त्यानं ओढून घेतला. माळ गळ्यातच होती. दादासो म्हणाला, "बाटलास." म्हटलं, "बाटलो तर बाटलो. त्यो जेवला न्हवं?"

पुण्याच्या दुकानदाराला ऋषिराजकडून फोन करवला. तो म्हणतो, कारभारीण गेली की यांच्यात कारभारीच हळूहळू बाई होतो आणि घर चालवायला लागतो. मला आधी थट्टा वाटली. खरं आहे का गं?

तुझी सासू असती तर एव्हाना डिंक निवडायला बसली असती. तुझ्या तब्येतीचं खरं लिही. ब्लडप्रेशर किती आहे?

दत्तोबा


इंदापूर,
१४ एप्रिल

ती. आबा,

खरं तेच लिहायचं ठरलंय, म्हणून लिहिते. पडून लिहितेय, अक्षर समजून घ्या.

काल मुलगी झाली. ब्लडप्रेशर फारच चढलं, म्हणून डॉक्टर थांबायला तयार नव्हते. दिवस भरायच्या कितीतरी आधी काढावी लागली. पावणेदोन किलो आहे. ऋषिराजनं तुम्हाला अंगठा दाखवून 'झ्याक' म्हणून सांगितलं असेल. झ्याक नाही. ती काचेच्या पेटीत आहे. नाकाला नळी आहे, पायाला तार आहे. तिला दूध ओढता येत नाही. डॉक्टर म्हणतात, अजून काही दिवस काहीच सांगता येणार नाही.

मला तिथं थोडाच वेळ बसू देतात. काचेला गोल भोक आहे, त्यातून एक बोट लावता येतं. मशीन वाजलं की माझा जीव जातो. तिला उचलावं, छातीशी धरावं आणि इथून पळून जावं, असं सारखं वाटतं. सगळे पुन्हा हसून बघतायत माझ्याकडं. तुम्हाला एकट्यालाच हे लिहिलंय.

स्वरूपा


बारामती,
१५ एप्रिल

चि. सौ. स्वरूपास आणि तिच्या लेकीस आशीर्वाद.

पत्र विशालनं घरी आणून दिलं. ऋषिराजनं खरंच अंगठा दाखवला होता. त्याचंही चुकत नाही, तोही घाबरला आहे.

तूच मला लिहिलं होतंस, बिघडतं लवकर आणि सुधारतं हळू. मी ते ऐकलं नाही आणि एक जीव घालवला. मग ऐकलं आणि एक जीव राहिला. तेव्हा आता तूही ऐक. पेटीतली ऊब सारखी राहू दे. थेंब थेंब चाललं आहे तर थेंब थेंब चालू दे. आजही ती कालइतकीच आहे, म्हणून जीव घाबरा करायचा नाही. लहानग्याची रेघ तरी कुठं रोज दिसण्याइतकी चढत होती? आणि उचलून पळायचं नाही. हात शिवशिवतील. आवरायचे.

कारभारीण गेली तो शकुन नव्हता. ती माझी चूक होती. तिचा आणि या पोरीचा काही संबंध नाही, हे मनातून काढून टाक.

मी येतोय. सकाळच्या एसटीनं निघतो. टाकीसमोर दादासोला बसवलं आहे. त्याला चारदा सांगितलं, "दाना टाक, रेघंपत्तूर पानी घाल, बाकी कायबी करू नगंस. लई मन झालं तर घरी जा."

दवाखान्यात तुला बसू देत नसतील तेव्हा दाराच्या काचेतून मी बघत बसेन. मला ऐकू येत नाही, त्यामुळं मशीन वाजलं तरी मी घाबरणार नाही. काचेसमोर बसून काही न करणं, हे काम मला आता येतं.

दत्तोबा


बावडा,
६ मे

ती. आबा,

काल आम्ही दोघी घरी आलो. बाईसाहेब पेटीतून बाहेर, माझ्या कुशीत. स्वतः दूध ओढते, ओढताना कपाळाला आठ्या घालते. अजून लहानच आहे. डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय, एक तपासणी राहिलीय, तिची थोडी धाकधूक आहे. पण वजन चढतंय. हळू चढतंय.

तुम्ही तिथं त्या बाकावर बसून होतात, ते मी कधी विसरणार नाही. नर्स मला म्हणाली, "तुमचे वडील फार शांत आहेत." मी सासरे आहेत म्हणून सांगितलं नाही. राहू दिलं तसंच.

आई म्हणते, सव्वा महिना झाला की सासरी जायला हरकत नाही. आता तुमची पाळी. टाकीचं जे असेल ते लिहा.

तुमची,
स्वरूपा


बारामती,
९ मे

चि. सौ. स्वरूपास आणि चिमुरडीस आशीर्वाद.

पत्र वाचून देवापुढं साखर ठेवली आणि उरलेली दादासोला दिली.

टाकीचं खरं असं आहे. रेघ पस्तिसावर येऊन थांबली आहे. रंग पिवळा, झाक नाही. काठाला पांढरं फुटतं, ते ओल्या फडक्यानं पुसतो. जिप्समची उरलेली गोणी निरवांगीला परत नेऊन टाकली. एक दगड पांढराच पडला आहे, त्याच्यावर काही जिवंत दिसत नाही. तो तू येऊन बघ.

पुण्याहून एक बारकं पिल्लू आणलं आहे. तुला न विचारता टाकीत सोडलं नाही. वेगळ्या डब्यात पंप लावून ठेवलं आहे, कालवलेल्या पाण्यात. आपला लहानगा आता काच पुसताना बोटाला चावायला येतो. त्याला कारभारीण म्हणायचं का, ते तू ठरव. मला घाई नाही.

आणि एक. या घरात बाळंतिणीला लाडू करून घालणारी बाई नाही, म्हणून तू येणार त्या दिवसासाठी ते काम मी हातात घेतलं आहे. माशाला बाईचं काम जमतं तर मला का जमू नये? डिंक आणला, खोबरं किसलं, कढईपुढं बसलो. पहिला घाणा करपला. घरभर वास सुटला. ऋषिराज धावत आला आणि ओरडून म्हणाला, "आबा, हे तिला कळू देऊ नका, दुकानातनं आणू अन् घरचंच हाय म्हनून सांगू."

मी त्याला म्हटलं, "न्हाय रं बाबा. तिला खरं तेच कळवायचं."

दत्तोबा